पहिला प्याला आणि शेवटचा

व्यसनी रोग्यांच्या शुश्रूषेचें शिक्षण परिचारिकांना कसें द्यावें, हा विषय वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. वाटणें स्वाभाविक आहे. पण थोडा विचार केला तर ही शंका टिकत नाहीं. मराठी माणसाला दारूविषयीं जें ज्ञान आहे तें बव्हंशीं वैद्यकानें दिलेलें नसून एका नाटकानें दिलेलें आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें निवर्तले, आणि महिना पुरा होण्याच्या आंत, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. त्याला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. ज्यानें तें नाटक पाहिलें नाहीं आणि वाचलेंहि नाहीं, असा मनुष्यसुद्धां आज 'तळीराम' हा शब्द सामान्यनामासारखा वापरतो. औसा किंवा मुखेड तालुक्यांतील एखादी मुलगी परिचर्येच्या शाळेंत दाखल होते तेव्हां ती कोरी पाटी घेऊन येत नाहीं. पिणारा पुरुष, त्याची सोशिक बायको आणि त्या दोघांचा ठरलेला शेवट, असें एक संपूर्ण नाटक मनांत घेऊनच ती वर्गांत बसते. तिच्या पाठ्यपुस्तकानें या नाटकाची कधीं दखल घेतलेली नाहीं. म्हणून ती येथें घेत आहों.

गडकऱ्यांचें निदान एका बाबतींत त्यांच्या काळाच्या पुष्कळ पुढें होतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. सुधाकर दारू सोडतो, सोडण्याचा निश्चय मनापासून करतो, पोटासाठीं काम शोधायला बाहेर पडतो, दारोदार अपमान सोसतो आणि परत प्याल्याकडे वळतो. व्यसन सुटलें तरी तें उलटतें, आणि उलटण्याचें कारण पुष्कळदां बाटलींत नसून भोंवतालच्या माणसांच्या तोंडांत असतें, ही गोष्ट आजचें शास्त्र मोठ्या खटाटोपानें सांगतें. ती गडकऱ्यांनीं रंगभूमीवर करून दाखविली. सुधाकर दारूच्या चढत्या पायऱ्यांचें जें विवेचन करतो, तें परिचर्येच्या विद्यार्थिनींना एकदां वाचून दाखवावें, असें आम्ही नि:शंकपणें म्हणूं.

परंतु या नाटकाचें सारें लक्ष सुधाकराच्या मानाकडे आहे, नाडीकडे नाहीं. दारू सोडलेल्या शरीरावर पहिल्या चार दिवसांत काय गुदरतें, हें रंगभूमीला नको होतें. तळीरामाच्या आजारांत वैद्य येतो, डॉक्टरहि येतो. पण दोघे येतात ते हंशा पिकविण्यासाठीं. शुश्रूषेचा सारा भार सिंधूवर पडतो, आणि सिंधूची शुश्रूषा ही पातिव्रत्याचीच एक शाखा आहे. बालगंधर्वांनीं ठिगळांच्या लुगड्यांत उभी केलेली सिंधू पाहून तीन पिढ्यांनीं डोळे पुसले. डोळे पुसणें वाईट नाहीं. पण रुग्णालयांत त्यानें काम भागत नाहीं. परिचारिका ही रोग्याची पत्नी नव्हे. तिचा त्याच्याशीं संबंध आठ तासांच्या पाळीचा, आणि तोहि आणखी चाळीस रोग्यांमध्यें वांटलेला. अशा स्त्रीला सिंधूचा आदर्श दिला, तर पहिल्या खेपेस ती रोग्याची कींव करील, दुसऱ्या खेपेस त्याला उपदेश करील, आणि तोच मनुष्य तिसऱ्या खेपेस दाखल झाला म्हणजे तोंड फिरवील. तोंड फिरविणाऱ्या परिचारिकेला आम्ही दोष देत नाहीं; तिला दुसरी कोणतीहि भूमिका शिकविलेलीच नव्हती. आश्चर्य इतकेंच कीं, त्याच दशकांत पुण्यास रमाबाई रानड्यांचें सेवासदन हिंदु स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण देववीत होतें. पगार घेऊन, गणवेष घालून परक्या पुरुषाची शुश्रूषा करणारी मराठी स्त्री नाटककारांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष वावरत होती. नाटकांत मात्र ती शिरूं शकली नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. नाटकानें, कीर्तनानें आणि शाळेंतील निबंधांनीं आपल्याला पहिल्या प्याल्याचा प्रश्न विचारायला शिकविलें: हा मनुष्य पिऊं कसा लागला? कुणाच्या नादानें? कोणत्या दुःखामुळें? परिचारिकेला विचारायचा आहे तो शेवटच्या प्याल्याचा प्रश्न: यानें शेवटची केव्हां घेतली? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतून कथा निघते. दुसऱ्याच्या उत्तरांतून घड्याळ सुरू होतें. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कांपूं लागतात, घाम सुटतो, झोंप उडते. पहिल्या दोन दिवसांत आंकडी येऊं शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास, सर्वांनाच नव्हे पण कांहींना, भ्रम होतो. या भ्रमाकडे दुर्लक्ष झालें तर मनुष्य दगावतो. वेळींच ओळखला तर साध्या, स्वस्त औषधांनीं तो टळतो. मरण आणि जगणें यांच्या मध्यें येथें उभा असतो तो एक प्रश्न, आणि तो विचारण्याला अर्धें मिनिट लागतें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका आप्ताच्या दुखण्यानिमित्त आम्हांस मराठवाड्यांतील एका रुग्णालयांत चार रात्री काढाव्या लागल्या. रुग्णालयाचें नांव येथें नको. दुसऱ्या कोणत्याहि ठिकाणीं हेंच घडलें असतें. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक ट्रॅक्टरवाला होता. दोन दिवस तो निमूट होता. तिसऱ्या रात्रीं तो चादरीवरच्या मुंग्या वेचूं लागला, मुंग्या नव्हत्या. मग उठून मोडक्या पायावर उभा राहण्याची त्यानें धडपड केली. लोक जमले. त्याचा भाऊ म्हणाला, बाहेरचें कांहींतरी लागलें आहे. रात्रपाळीची तरुण परिचारिका घाबरली. दोघा माणसांनीं मिळून बँडेजच्या पट्टीनें त्याचे हात खाटेला बांधले, आणि तो पहांटेपर्यंत ओरडत राहिला. पहांटे एक वयस्क परिचारिका आली. तिनें त्याच्या कपाळावर हात ठेवला, बोटें पसरायला सांगून कंप पाहिला आणि कोपऱ्यांत बसलेल्या बायकोला हळूच विचारलें, "ताई, शेवटची कधी घेतली होती यांनी?" ती बाई म्हणाली, "पाय मोडायच्या आदल्या राती, सिस्टर. तवापासून थेंब न्हाई." इतकें बोलून ती रडूं लागली, कारण तीन दिवसांत हें तिला कोणीं विचारलेंच नव्हतें, आणि आपण होऊन सांगण्याची तिला लाज वाटली होती. त्या वयस्क परिचारिकेला आम्हीं मागाहून विचारलें, हें आपण कोठें शिकलांत? त्या हंसून म्हणाल्या, "वॉर्डांत." त्या उत्तरांत एक अभिमान होता. आम्हांस मात्र तें उत्तर त्यांच्या शिक्षणसंस्थेवरील सर्वांत कठोर टीका वाटली.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. मानसिक परिचर्येचें शिक्षण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मनोरुग्णालय उभें राहतें. महाराष्ट्राचीं जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें चार: ठाणें, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. यांपैकीं एकहि मराठवाड्यांत नाहीं. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरलाहि आहे, आणि तेथें मानसोपचाराचे विभागहि आहेत. पण व्यसनी मनुष्य त्या विभागाच्या दारांतून क्वचितच आंत येतो. तो येतो कावीळ होऊन, रक्ताची ओकारी होऊन, मोटारसायकलवरून पडून, भाजून, किंवा विष पिऊन. म्हणजे तो येतो औषधवैद्यकाच्या, शस्त्रक्रियेच्या, अस्थिरोगाच्या वॉर्डांत, आणि त्याची खरी परीक्षा होते ती तिसऱ्या रात्रीं, जेव्हां मानसोपचारतज्ज्ञ घरीं झोंपलेला असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दारू व अमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येंत केला, हें योग्यच झालें. त्याच कायद्यानें मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या करतांना सामान्य परिचर्येची पदविका किंवा पदवी, अथवा मानसोपचार परिचर्येची पदविका किंवा पदवी, असे दोन्ही मार्ग मान्य केले. या 'किंवा'वर विद्वानांनीं नाकें मुरडलीं तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. पण आमच्या मतें त्या 'किंवा'मध्येंच मराठवाड्याची सोय आहे. फक्त ती कागदावरची सोय वॉर्डापर्यंत पोहोंचविली पाहिजे. मानसोपचार परिचर्येचा वर्षभराचा स्वतंत्र अभ्यासक्रम पुऱ्या केलेल्या मूठभर विदुषी तयार करणें एक, आणि रात्रपाळीवरील प्रत्येक सामान्य परिचारिकेला शेवटच्या प्याल्याचा प्रश्न विचारतां येणें दुसरें. दोहोंत निवड करणें भाग पडलें तर आम्ही दुसरें निवडूं.

आतां अभ्यासक्रमाकडे वळूं. पदवीच्या व पदविकेच्या अभ्यासक्रमांत व्यसनाधीन रोग्यांच्या परिचर्येचें एक प्रकरण आहे. त्याच्या वाट्याला आलेले तास हाताच्या बोटांवर मोजतां येतात. तास थोडे आहेत ही आमची मुख्य तक्रार नव्हे. तक्रार ही कीं, हीं प्रकरणें बहुधा पदार्थांच्या वर्गीकरणापासून सुरू होतात, मग कारणमीमांसा येते, मग लक्षणांच्या याद्या, आणि परिचारिकेचा हात सर्वांत शेवटीं येतो. वास्तविक या आजारांत सर्वांत विश्वसनीय साधन तो हातच आहे. दारू सुटल्याची तीव्रता मोजण्याचें जें कोष्टक जगभर वापरतात त्यांत दहा गोष्टी पाहावयाच्या असतात: मळमळ, कंप, घाम, घाबरेपणा, अस्वस्थ हालचाल, त्वचेवर कांहीं सरपटल्याचा भास, कानांतील भास, डोळ्यांपुढील भास, डोकेदुखी आणि स्थलकालाचें भान. यांतील एकालाहि यंत्र लागत नाहीं. डोळा, तळहात आणि चार प्रश्न एवढ्यावर सारें भागतें.

आमच्या भागापुरतें त्यांत आणखी कांहीं घातलें पाहिजे, जें बेंगळूरच्या किंवा विलायतेच्या पुस्तकांत ठळकपणें असणार नाहीं. मराठवाड्यांतील वॉर्डांत कीटकनाशक पिऊन आलेला शेतकरी ही दुर्मिळ गोष्ट नाहीं. त्याला ॲट्रोपीन देतात, आणि ॲट्रोपीन अधिक झालें तर रोगी बरळूं लागतो, हवेंत हात मारतो. तोच मनुष्य रोज पिणारा असेल तर तिसऱ्या दिवशीं दारू सुटल्यामुळेंहि तो तसाच बरळेल. दोन भ्रम, दोन कारणें, आणि उपाय परस्परांहून भिन्न. रात्रीं दोन वाजतां यांतील भेद प्रथम कोणाच्या लक्षांत यावयाचा? औषधाच्या भ्रमांत त्वचा बहुधा कोरडी व तापलेली असते, दारू सुटल्याच्या भ्रमांत ती घामानें भिजलेली असते. परिचारिकेनें कपाळावर हात ठेवून डॉक्टरला दूरध्वनीवर 'कोरडा आहे' किंवा 'ओला आहे' एवढेंच सांगितलें, तरी तें मोठें निदानकार्य आहे. तसेंच, दारू पिऊन क्षीण झालेल्या रोग्याला ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वीं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दिलें आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार तिला आहे, किंबहुना तें तिचें कर्तव्य आहे. न दिल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा संभव असतो. विद्यार्थिनींना हें नुसतें माहीत असून उपयोग नाहीं. वरिष्ठाला नम्रपणें पण स्पष्ट कसें विचारावें, याचा सराव वर्गांत करवून घेतला पाहिजे. आपल्याकडील परिचारिकांना औषधें पाठ असतात. प्रश्न विचारण्याचें धैर्य कोणी शिकवीत नाहीं.

मग शिंदीचा प्रश्न आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सरहद्दीवरच्या तालुक्यांतील माणसाला "दारू पितां काय?" असें विचारलें, तर तो प्रामाणिकपणें नाहीं म्हणेल, कारण शिंदी ही त्याच्या हिशेबीं दारू नव्हे. शिंदीचा इतिहास या भागांत जुना आहे. निजामी राज्यांत अबकारी हें उत्पन्नाचें मोठें साधन होतें, आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्यांत स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांनीं शिंदीचीं झाडें तोडलीं तीं या उत्पन्नावर घाव घालण्यासाठीं. आज प्रश्न झाडाचा राहिलेला नाहीं. सरहद्दीपलीकडे तेलंगणांत शिंदी-ताडींत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम असलीं गुंगीचीं द्रव्यें मिसळल्याचीं प्रकरणें वारंवार उघडकीस आलीं आहेत. २०२० च्या टाळेबंदींत ताडी एकाएकीं बंद झाली, तेव्हां हैदराबादच्या एर्रागड्डा येथील मानसिक रुग्णालयांत आंकडी व भ्रम झालेल्या रोग्यांची रीघ लागली. अशा रोग्याचें घड्याळ निराळें चालतें. गुंगीचें द्रव्य कोणतें त्याप्रमाणें आंकडी लौकर येते किंवा आठवडाभरानेंहि येते. म्हणून नांदेडच्या परिचारिकेनें 'दारू' हा शब्द सोडून देऊन 'शिंदी', 'देशी', 'हातभट्टी', 'मोहाची' अशीं नांवें घेऊन विचारलें पाहिजे, आणि किनवटच्या रोग्याला जें विचारावयाचें तें धर्माबादच्याला विचारावयाचें नव्हे. स्त्रियांना तर कोणी विचारीतच नाहीं. त्यांची मिश्री आणि तंबाखू ही संवय नव्हेच, अशी सार्वत्रिक समजूत आहे.

प्रश्न कसा विचारावा, हा तर सर्वस्वीं भाषेचा प्रश्न आहे, आणि येथें वाङ्मयाच्या अभ्यासकाला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. "तुम्ही पितां काय हो?" या वाक्यांत चौकशी नाहीं, फिर्याद आहे. "रोज किती लागते?" हा प्रश्न घेणें गृहीत धरतो आणि म्हणून लाज कमी करतो. अमेरिकेंत विल्यम मिलर यांनीं १९८३ पासून संभाषणाची जी पद्धति मांडली, तिचें मर्म हेंच कीं, बदलाचीं कारणें रोग्याच्या तोंडून निघावीं, परिचारकाच्या नव्हे. या पद्धतीचें मराठी रूप केवळ भाषांतरानें होणार नाहीं. लातूर-नांदेडकडे पुष्कळ माणसें दारू सोडतात तीं गळ्यांत तुळशीची माळ घालून. अशा माणसानें पुन्हां घेतली कीं त्याची माळ तुटते, आणि मग लज्जा दुहेरी होते: देहाची आणि देवाची. "माळ घातली होती ना?" हें वाक्य वॉर्डांत टोमणा म्हणूनच ऐकूं येतें. तेंच वाक्य विचारपूस म्हणून उच्चारतां आलें पाहिजे: माळ होती तेवढे दिवस कसे गेले, तें सांगा. शब्द जवळजवळ तेच. पण पहिल्यानें मनुष्य भिंतीकडे तोंड करतो, दुसऱ्यानें तो बोलूं लागतो. हा स्वरांतील फरक शिकवितां येतो काय? आम्हांस वाटतें, येतो. गायन शिकवितां येतें तर हेंहि येतें, पण त्याला गुरूपुढें बसून उजळणी करावी लागते, फळ्यावर लिहून चालत नाहीं.

हें सर्व डॉक्टरावांचून साधेल काय, असा आक्षेप येईल. त्याचें एक उत्तर गोव्यांतून आलेलें आहे. तेथें 'संगाथ' या संस्थेनें वैद्यकाची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत अति पिणाऱ्या पुरुषांशीं संभाषणाच्या फार तर चार बैठका करविल्या; २०१७ सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्याचे निष्कर्ष आले, आणि नेहमींच्या उपचारांपेक्षां त्यांचा गुण अधिक आला असें दिसलें. दुसरें उत्तर पुण्याचें. डॉ. अनिता किंवा सुनंदा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साह्यानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' सुरू केलें. तेथें बरे झालेले रोगीच नव्या रोग्यांचे सल्लागार झाले. वाङ्मयाच्या दृष्टीनेंहि ही घटना लहान नाहीं. 'गर्द' लिहिणाऱ्या अवचटांनीं मराठी गद्याला व्यसनी माणसापुढें उपदेश न करतां बसायला शिकविलें. गडकऱ्यांचा सुधाकर आपण पाहतो. अवचटांचा गर्दुल्ला आपण ऐकतो. परिचर्येच्या शाळेंत दोन्ही वाचावीत, आणि या क्रमानें वाचावीत.

मोठे आंकडे येथें मुद्दामच टाळले. पण एक द्यावाच लागतो. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, दारूच्या आहारीं गेलेल्या दर ३८ जणांपैकीं एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचें नमूद आहे. उरलेले ३७ उपचार घेत नाहींत, याचा अर्थ ते रुग्णालयांत येत नाहींत असा नव्हे. ते येतात, पाय मोडून येतात, पिवळे होऊन येतात, आणि कांहींजण पट्टीनें बांधलेल्या हातांनीं पहांट काढतात.

दाखल करतांना भरावयाच्या कागदावर 'संवयी' असा एक रकाना बहुतेक ठिकाणीं असतो, आणि त्यांत बहुतेक वेळां 'नाहीं' असें लिहिलेलें असतें. त्या रकान्याचे दोन भाग करावे: पहिल्यांत 'काय घेतात', दुसऱ्यांत 'शेवटची केव्हां, किती वाजतां'. कागद पुढच्या खेपेस छापावयाचे असतील, तेव्हां या एका उभ्या रेघेला छापखान्याचा खर्च पडणार नाहीं.